नाना काय म्हणाले

नानांनी तोंड उघडलं की जिन्यातला दिवा मंद होतो, अशी तक्रार खालच्या मजल्यावरून पहिल्यांदा आली, तेव्हाच मी हे प्रकरण आवरतं घ्यायला हवं होतं. नाना म्हणजे माझे वडील, आणि त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. गेलेल्या माणसाने तोंड उघडू नये, आणि उघडलंच तर निदान इमारतीच्या सामाईक वायरिंगवर उघडू नये, एवढं मलाही कळतं. पण मी तेव्हा कामात होतो, आणि हाती घेतलेलं काम मी अर्ध्यावर सोडत नाही. माझ्या मते ही माझी चिकाटी. घरात तिला दुसरं नाव आहे.

काम तसं एवढंसंच होतं. नाना निवृत्त झाले त्या दिवशी त्यांच्या कचेरीत निरोपसमारंभ झाला आणि एका हौशी सहकाऱ्याने त्याचं चित्रीकरण केलं. कॅसेट त्या सहकाऱ्याकडेच राहिली. पुढे नाना गेले, मग सहकारीही गेले, आणि आता कुठे त्यांच्या सूनबाईंना माळा आवरताना ती सापडली. बाईंनी ती आठवणीने आमच्याकडे पोचती केली. आतल्या फितीवर बुरशीने घर केलं होतं. आवाज पार गेलेला. चित्र म्हणजे राखाडी भुरभूर, त्यात आडवे पट्टे, आणि त्या पट्ट्यांमागे नानांच्या उंचीचं काहीतरी उभं.

आईने ते पाहिलं आणि माझं मनगट धरलं.

"हे मला काहीतरी म्हणतायत," ती म्हणाली.

इथे आईबद्दल सांगायला हवं. तिला लग्नानंतर लवकरच एका आजारात पूर्ण बहिरेपण आलं. ती बोलते आपल्यासारखंच, फक्त समोरच्याचं बोलणं ओठांवरून वाचते. त्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. रस्त्यापलीकडच्या थांब्यावर दोघी काय बोलतायत ते ती गॅलरीतून सांगते, त्यामुळे आमच्या गल्लीत गुपित सांगताना लोक पाठ फिरवतात. नानांना तर सवयच लागली होती. चारचौघांत आईला काही सांगायचं असलं की ते आवाज न काढता, दूरवरूनच, नुसते ओठ हलवायचे. अख्खा संसार त्यांनी असा मूकपणे केला. निरोपसमारंभाला मात्र आई गेली नव्हती, कारण त्याच दिवशी माझ्या बहिणीचं बाळंतपण निघालं. आणि आता त्या चित्रात, भाषणाला उभं राहिल्यावर, नाना सरळ कॅमेऱ्यात बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. एवढं मलाही दिसलं. काय म्हणत होते ते भुरभुरीत बुडालं होतं.

घाई होती ती आईच्या डोळ्यांची. नजरेच्या मधोमध एक डाग वाढत होता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन, आईकडे पाठ करून, दबक्या आवाजात सांगितलं, "जे बघायचं ते या दोन-चार महिन्यांत बघू द्या." घरी येताना आई म्हणाली, "डॉक्टरांना सांग, मागे काचेचं कपाट असताना पाठ करून उपयोग नसतो."

बायकोचं म्हणणं होतं, कॅसेट एखाद्या स्टुडिओत द्यावी. मी विचारलं, स्टुडिओवाले असं काय करतात जे आपला कॉम्प्युटर करणार नाही? ती म्हणाली, "काम करतात." मी तिकडे दुर्लक्ष केलं. मी एका विमा कचेरीत दावे तपासतो, माझ्या हाताखाली माणसं आहेत. कॅसेट मी घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतली, जुनी चित्रं दुरुस्त करणारा एक प्रोग्रॅम त्यावर घातला, सकाळी बटण दाबलं आणि कचेरीत गेलो. संध्याकाळी आलो तेव्हा नानांची एक पापणी अर्धी लवून झाली होती.

त्याच वेळी हवामानकाका आले. काका खालच्या मजल्यावर राहतात आणि वेधशाळेतून निवृत्त झालेत. नोकरीभर त्यांना अंदाजात 'शक्यता आहे' असं लिहावं लागलं. त्याचा सूड म्हणून आता ते प्रत्येक गोष्ट खात्रीने सांगतात.

"तुमचं चुकतंय कुठे सांगू का," काका खुर्ची ओढत म्हणाले. "हे काम तुम्ही प्रोसेसरला लावलंय. प्रोसेसर म्हणजे कोण? साहेब. तुमच्यासारखा. हुशार आहे, निर्णय घेतो, काहीही सांगा ते करतो. पण टेबलावर एका वेळी एकच फाइल. फार तर चार-सहा साहेब एका खोलीत. आणि चित्र म्हणजे काय? लाखो ठिपके. साहेब बिचारा एकेक ठिपका उचलून बघत बसलाय."

"मग?"

"मग ग्राफिक्स कार्ड. त्यात साहेब नाहीत. हजारो कारकून, एका भल्यामोठ्या हॉलमध्ये. एकालाही फारसं काही येत नाही. प्रत्येकाला एकच बेरीज शिकवलेली. पण साहेबाने चित्राचे तुकडे करून वाटले की सगळे जण आपापल्या तुकड्यावर एकदम तीच बेरीज करतात. एका दमात चित्र तयार."

"आणि अख्खं चित्र कोण बघतं?" स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं.

काकांनी स्वयंपाकघराकडे वळून पाहिलं. "आत? आत कोणीच बघत नाही," ते म्हणाले.

उन्हाळा होता, तरी मला उगाच दंडावर गार वारं लागल्यासारखं झालं. मी खिडकी लावून घेतली.

कार्ड मिळालं ते बाजारामागच्या एका वापरलेल्या सुट्या भागांच्या दुकानात. दुकानदार उंच, फिकट, आणि पापणी न लववता बोलणारा. भिंतीला उघडेनागडे कॉम्प्युटर टांगलेले, त्यांचे पंखे रस्त्यावरच्या वाऱ्याने हळूहळू फिरत होते. त्याने विटेएवढं एक कार्ड काढून फडक्याने पुसलं.

"आधी कोणाचं होतं हे?" मी विचारलं.

"एका ऑफिसचं."

"मग त्यांनी का काढलं?"

"त्यांना आता गरज नाही," तो म्हणाला, आणि ज्या सुरात म्हणाला त्यावरून पुढचा प्रश्न विचारण्यात अर्थ नव्हता.

कार्ड बसवलं. काहीही झालं नाही. म्हणजे नानांची दुसरी पापणी जरा लवकर लवली, इतकंच. पुन्हा दुकान. दुकानदाराने मान हलवली. "तुमचा प्रोसेसर म्हातारा आहे. तुकडे करून वाटणार तोच ना? त्याचं एक वाटून होईस्तोवर आतले हजारो जण हात बांधून बसलेत." मला माझ्या प्रोसेसरबद्दल विलक्षण आपुलकी वाटली. आमच्या कचेरीतही हेच होतं, फक्त तिथे हात बांधून बसलेल्यांचा दोष मला देतात. तरी मी नवा प्रोसेसर घेतला. नव्या प्रोसेसरला जुना बोर्ड चालेना, बोर्ड बदलला. बोर्ड जुन्या डब्यात मावेना, डबा बदलला. जुन्या कॉम्प्युटरचं आता फक्त माऊसखालचं रबर राहिलं होतं.

मग मात्र कार्ड जागं झालं. पंख्याचा आवाज घर्रकन चढायचा, क्षणभर थांबायचा आणि पुन्हा चढायचा. हुबेहूब झोपलेल्या माणसाचा श्वास. ऐन दुपारी, घरात सगळे जागे असताना, कोपऱ्यात कोणीतरी गाढ झोपलंय असं वाटायचं आणि आम्ही नकळत हळू बोलायचो. नानांचे ओठ हलतात त्या चौकटी, म्हणजे फ्रेम्स, आल्या की कार्डावर सगळ्यात जास्त ताण यायचा. तेव्हाच जिन्यातला दिवा मंद व्हायचा. इमारतीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. सेक्रेटरींनी फलकावर सूचना लावली: 'सभासदांनी आपल्या दिवंगत नातेवाइकांमुळे सामाईक विजेवर ताण येणार नाही याची दक्षता घ्यावी.' खाली त्यांची सही.

जोडणीचा भार वाढवून घेण्यासाठी मी वीज कार्यालयात गेलो. कारकुनाने अर्ज वाचला.

"वाढीव भार कशासाठी? एसी?"

"नाही."

"गीझर?"

"नाही. ग्राफिक्स कार्ड. घरगुतीच आहे. वडिलांसाठी."

"वडील आजारी असतील आणि वैद्यकीय उपकरण असेल तर खिडकी वेगळी."

"वडील वारले."

"मग मीटर नावावर करून घ्यायचंय. ती पलीकडची."

"मीटर माझ्याच नावावर आहे. वडील फक्त बोलतात."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. माझ्या मागे रांगेत उभ्या असलेल्या बाई एक पाऊल मागे सरकल्या. मी एक जबाबदार अधिकारी आहे आणि अशा वेळी चेहऱ्यावर काही दिसू देत नाही, पण कान गरम झाल्याचं मला जाणवत होतं. कारकून बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने 'घरगुती - इतर' या रकान्यात खूण केली, शिक्का मारला आणि अर्ज परत करताना पुढे वाकून हळूच विचारलं,

"काय म्हणतात?"

"तेच शोधतोय," मी म्हटलं.

रविवारी जेवणं झाल्यावर आम्ही पडदे ओढले, कारण उन्हाने कॉम्प्युटरचा पडदा पांढरा दिसत होता. आई अगदी पुढ्यात, मागे मी, बायको, मुलगी आणि न बोलावलेले हवामानकाका. नाना आले. भुरभूर नाही, पट्टे नाहीत. शर्टाची शिवण मोजता येईल इतके स्वच्छ. त्यांनी समोर पाहिलं आणि ओठ हलवले.

"पाणी तापलंय का, असं विचारतायत," आई म्हणाली.

आम्ही हसलो. हा माणूस जन्मभर हेच विचारत आला होता. आई मात्र हसली नाही. ती म्हणाली, "पुन्हा दाखव, अजून स्वच्छ होत असेल तर." प्रोग्रॅममध्ये 'उत्तम'च्या वर 'सर्वोत्तम' होतं. मी ते निवडलं. कार्डाने तासभर श्वास घेतला. नाना पुन्हा आले, त्याच जागी, तसेच. ओठ हलले.

"दार लावून घ्या, म्हणतायत."

बायको उठली आणि दाराची कडी लावून आली. ती लावेपर्यंत तिच्या लक्षात आलं नव्हतं की आपण कोणाचं ऐकतोय. परत येऊन बसली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"मघाशी पाणी म्हणाले होते ना?" मुलीने विचारलं. मी आपला पुन्हा एकदा बटण दाबून बसलो. माणूस बावचळला की तेच तेच करतो.

तिसऱ्या वेळीही आईने वाचलं. मग भाजी काय आणायची ते सांगावं तशा साध्या आवाजात म्हणाली, "मागे बघू नका, म्हणतायत."

आमच्या मागे भिंतीला लागून कपबश्यांचं कपाट होतं. ते तिथे आहे हे मला पक्कं माहीत होतं. ते मीच बसवून घेतलंय. तरी मी मागे पाहिलं नाही. हवामानकाकाही समोर बघत ताठ बसले होते. जरा वेळाने मुलीने आजीच्या समोर जाऊन विचारलं, "आजी, 'नको' की 'नका'?"

"नका," आई म्हणाली.

म्हणजे सगळ्यांनाच. काकांनी "मला एक फोन करायचाय" असं काहीसं म्हटलं आणि ते तिरकस, भिंतीला पाठ लावून, दारापर्यंत सरकत गेले.

त्यानंतरचा आठवडा आमच्या घरात कोणी धड जेवलं नाही. मी रोज एकदा चालवायचो आणि नाना रोज निराळं काही म्हणायचे. एकदा 'कोण आलंय', एकदा 'थंडी आहे इथे'. बायको म्हणाली, बंद करा. कचेरीत माझ्याकडून एका जिवंत माणसाचा दावा मृतांच्या गठ्ठ्यात गेला. आणि मग ते पाण्याच्या पेल्याचं झालं. ते ओठ हलवण्याआधी नाना पाणी पितात, तो मागचा भागही मी करून घेतला होता. नानांनी पेला तोंडाला लावला. पेल्याच्या काचेवर दुसरे ओठ उमटले आणि ते बोलत राहिले. मागे नाना शांतपणे पाणी पीत होते.

बायको उठून आत गेली. मी खुर्चीला धरून बसलो. आई मान तिरकी करून बघत होती, कारण सरळ बघितलं की तिच्या नजरेतला डाग आड यायचा.

"दात," ती एकदम म्हणाली. "ह्यांना इथे दात नव्हता. समोरचा. ह्या माणसाला सगळे दात आहेत." मग ती म्हणाली, "हे ते नाहीत. कोण आहेत मला माहीत नाही, पण आमचे हे नाहीत."

मी कार्ड काढून पिशवीत घातलं आणि दुकानात नेलं. रागावण्याचा विचार होता. दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं, पेल्याचंही. त्याला जराही आश्चर्य वाटलं नाही.

"कार्डाचा दोष नाही," तो म्हणाला. "जिथे बुरशीने चित्र खाल्लंय तिथे आत काहीच नाही. तुमचा प्रोग्रॅम सांगतो, भरा. मग आतले भरतात. पूर्वी पाहिलेल्या असंख्य तोंडांवरून अंदाजाने. एकाकडे ओठाचा कोपरा आलेला असतो, एकाकडे शर्टाचं बटण. हा माणूस आहे हे त्यांना ठाऊक नाही, तो बोलतोय हेही नाही. दर वेळी अंदाज नव्याने सुरू होतो, म्हणून दर वेळी तोंड वेगळं हलतं."

"पण शब्द होतात ना. मराठी शब्द."

"ओठ हलले की वाचणाऱ्याला शब्द होतातच," तो म्हणाला.

"मग ते 'मागे बघू नका' कोणी म्हटलं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्याची पापणी लवली. "कोणीच नाही," तो म्हणाला. मला वाटतं त्यालाही ते आवडलं नाही.

उपाय होता. अंदाज बंद करायचा. जेवढं फितीवर शिल्लक आहे तेवढंच वापरायचं. एका चौकटीतला ठिपका खराब असेल तर मागच्या चौकटीत बघायचं, तिथेही खराब असेल तर पुढच्या, तिथेही नसेल तर ठिपका तसाच सोडून द्यायचा. मी विचारलं, हे कार्ड करेल का? तो म्हणाला, करून घेता येईल, पण प्रत्येक ठिपक्यापाशी थांबून 'असं असेल तर तसं' ठरवायचं काम त्या हजारोंना एकदम जमत नाही, ते एकमेकांसाठी खोळंबून बसतात. "आणि तुमच्या प्रोग्रॅममधली ती अंदाज न करणारी जुनी पद्धत तर प्रोसेसरसाठीच लिहिलीय. त्यालाच करू द्या. वेळ लागेल."

घरी येऊन मी आईसमोर बसलो आणि तिला सगळं समजावून सांगितलं. कार्डाने केलेलं स्वच्छ दिसेल, वाचता येईल, पण ते नानांचं नसेल. प्रोसेसरने केलेलं नानांचं असेल, पण धूसर, कदाचित वाचताच न येणारं.

"मला ह्यांचं पाहिजे," आई म्हणाली. "नाही कळलं तर नाही कळलं."

मग माझा एकटा साहेब कामाला बसला. त्याचा पंखा एका लयीत, बेताचा वाजायचा, जेवणाच्या सुट्टीतही न उठणाऱ्या माणसासारखा. कॉम्प्युटरला कोणी हात लावायचा नाही असा दंडक होता. जिन्यातला दिवा पूर्ववत झाला. काका चौकशीला आले, "का हो, वडील बोलायचे थांबले का?" आणि त्यांच्या आवाजात काळजी होती.

काम संपलं तेव्हा कसल्याशा सुट्टीचा दिवस होता. पडद्यावर नाना आले. राखाडी, खडबडीत, मध्ये मध्ये भोकं पडलेले. पण कॉलर नेहमीसारखी एका बाजूने वर आलेली होती, आणि तोंड उघडलं तेव्हा समोरच्या दाताच्या जागी काळी फट दिसली. आईने हात पुढे करून पडद्याला बोट लावलं.

"हे हेच," ती म्हणाली.

वाचता मात्र येईना. तिने मान डावीकडे वळवून पाहिलं, उजवीकडे वळवून पाहिलं. ओठांच्या सावल्या हलत होत्या आणि त्यांवर तिच्या डोळ्यातला डाग बसत होता. मी चौकटी अगदी सावकाश, एकेक करून पुढे नेल्या. उपयोग नाही. शेवटी तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे वळली.

"तुला दिसतंय ना? तू कर तसं तोंड. आवाज काढू नकोस. मी तुझ्यावरून वाचते."

मी केलं. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग बोटं माझ्या ओठांवर ठेवली, आणि म्हणाली, "मिशी."

"काय मिशी?"

"मिशीत अडकतंय. कॉलेजात ठेवलीस तेव्हापासून तुझं निम्मं बोलणं मी अंदाजानेच धरते."

माझी मिशी ही आमच्या विभागातली एक मान्य गोष्ट आहे. नवे लोक मला मिशीवरून ओळखतात. बायको आत जाऊन वस्तरा घेऊन आली. इतक्या तत्परतेने तिने आजवर मला पाण्याचा पेलाही दिलेला नाही. मी आरशासमोर उभा राहिलो आणि दहा मिनिटांनी एक अनोळखी, जरा घाबरट दिसणारा गृहस्थ बाहेर आला. मुलीने त्याला ओळखायला वेळ घेतला.

तरी जमेना. "तू अर्थ लावतोयस," आई म्हणाली. "एक शब्द ओळखलास की पुढचा तुझ्या मनाने करतोस. अर्थ लावू नकोस. दिसतंय तेवढंच कर." पण हे माझ्याच्याने होईना. तोंड आपोआप ओळखीच्या शब्दाकडे वळायचं. मग मीच म्हटलं, वाटून घेऊ. बायकोला पहिल्या काही चौकटी, मुलीला त्यापुढच्या, मग मी. शेवटचा तुकडा उरला. तेवढ्यात हवामानकाका दारात दिसले. त्यांना आत घेतलं. प्रत्येकाने फक्त आपला तुकडा बघायचा, दुसऱ्याचा बघायचा नाही. तासभर घराच्या चार कोपऱ्यांत चार माणसं आपापलं तोंड हलवत बसली. काकांच्या वाट्याला नुसतं तोंड उघडून मिटायचं आलं होतं. त्यांना ते थोडं अपमानास्पद वाटलं, पण त्यांनी मेहनत घेतली.

मग आम्ही ओळीने उभे राहिलो. पडदे ओढलेले, बाहेर लख्ख दुपार, घरात अवाक्षर नाही. आई बायकोपासून सुरुवात करून एकेकाच्या ओठांवर बोटं ठेवत पुढे आली. बायकोचं तोंड किंचित फाकलं. मुलीचं उघडलं आणि मग गोल झालं. माझं उघडलं, फाकलं. काकांचं उघडलं आणि मिटलं. कुणालाच कळत नव्हतं आपण काय म्हणतोय. उघड्या दारात कुरिअरवाला येऊन उभा राहिला, त्याने हे पाहिलं, पाकीट उंबऱ्यावर ठेवलं आणि सही न घेता जिना उतरला. आई पुन्हा पहिल्यापासून गेली. काकांच्या ओठांवर तिने बोटं जरा जास्त वेळ ठेवली.

"'हे चालू आहे का?'" आई म्हणाली. "असं विचारतायत."

मी मनाशी म्हणून पाहिलं. हे. चालू. आहे. का. चारही तुकडे बरोबर बसत होते. नाना कॅमेऱ्याबद्दल विचारत होते. त्या हौशी सहकाऱ्याला. मशीन चालू आहे का, मी सुरू करू का, एवढंच. इतका खटाटोप, वीज कार्यालय, मिशी, आणि आईला उद्देशून त्यात काही नव्हतंच. मी तिच्या समोर गेलो आणि ओठ नीट हलवत म्हटलं, "आई, ते तुला नाही... ते कॅमेरावाल्याला विचारतायत."

ती माझ्याकडे बघत नव्हती. ती पडद्यासमोर जाऊन बसली होती, मान तिरकी करून. मी आधी थांबवलेलं चित्र मुलीने सुरू केलं होतं. राखाडी नाना सरळ आमच्याकडे बघत होते, ओठ मिटून, उत्तराची वाट बघत. इथून पुढचा भाग आम्ही कोणीच नीट पाहिलेला नव्हता. कार्डाच्या वेळी आम्ही इथवर येऊन मागे फिरायचो.

"हो," आई पडद्याला म्हणाली. "चालू आहे. बोला."

नानांनी मान डोलावली.

बायकोने माझा दंड घट्ट धरला. कॅमेऱ्यामागून तेव्हा कोणीतरी काहीतरी म्हटलं असणार, त्याला ती मान होती, हे मला समजत होतं. समजूनही मला त्या डोलणाऱ्या मानेकडे बघवेना. नानांनी कॉलर सारखी केली, घसा साफ केला आणि ते बोलायला लागले. भोकाभोकांतून, पट्ट्यांआडून, ओठ हलत होते, सावकाश, एकेक शब्द सुटा करून, आईशी बोलताना हलायचे तसे.

आईने त्यांच्यावरची नजर न काढता मागे हात केला.

"चला," ती म्हणाली. "उभे राहा ओळीने."

मुलीने चित्र मागे नेलं आणि पुढचे तुकडे पाडायला घेतले. हवामानकाकांनी चष्मा काढून खिशात ठेवला, सगळ्यांच्या आधी जाऊन आपल्या जागी उभे राहिले आणि तोंड उघडलं.